वाचनालयाची वेबसाइट करायची आहे? आधी काउंटरजवळ बसा

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत कार्यकारी मंडळाने पानांची यादी हातात ठेवली. मुखपृष्ठ, अध्यक्षांचे मनोगत, संस्थेचा इतिहास, कार्यकारी मंडळ, छायाचित्रे, संपर्क. यादी मनापासून केलेली होती, संस्थेवरच्या मायेने. पण तिच्यात वाचकाचं एकही काम नव्हतं. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि देवघेवीच्या काउंटरशेजारी एक खुर्ची टाकून बसले. वहीत फक्त तीन गोष्टी लिहायच्या: कोण आलं, काय विचारलं, उत्तर मिळाल्यावर पुढे काय केलं.

त्या वहीतल्या काही ओळी अशा:

"सकाळी साडेनऊ. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा. अभ्यासिकेत जागा आहे का, महिन्याचे किती, रात्री किती वाजेपर्यंत उघडी."
"फोन. आज चालू आहे का?"
"निवृत्त गृहस्थ. गेल्या आठवड्यात मागितलेलं पुस्तक परत आलं का. नाही. तसेच परत गेले."
"बाई, नवऱ्याची बदली झाली आहे. अनामत परत कधी मिळेल? पावती सापडत नाही."
"फोन. आज चालू आहे का?"

वेबसाइट कोणासाठी आणि कशासाठी, याचं उत्तर या वहीत होतं. पुढचं सगळं काम म्हणजे ही वही पडद्यावर नीट उतरवणं. तुम्ही पहिल्यांदाच एखाद्या संस्थेची, दुकानाची, दवाखान्याची वेबसाइट करणार असाल, तर मी ज्या क्रमाने जाते तो इथे लिहिते. उदाहरण वाचनालयाचं आहे, पण काउंटर सगळीकडे असतो.

वापरणाऱ्या माणसापासून सुरुवात करण्याच्या या पद्धतीला आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आधी १९९९ सालचं आयएसओ १३४०७, त्याच्या जागी २०१० मध्ये आयएसओ ९२४१-२१०, आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती. त्याचा गाभा चार कामांत सांगता येतो: माणूस कुठे, कसा, कशासाठी वापरणार ते समजून घ्या, त्याची गरज नेमकी लिहा, आराखडा करा, तो खऱ्या माणसांपुढे ठेवून तपासा. तपासणीत खोट निघाली की पुन्हा मागे जायचं. नवख्यांचं इथेच चुकतं. ते हा क्रम सरळ रस्ता समजतात आणि तपासणी शेवटच्या दिवसासाठी ठेवतात.

ऐका, पण मागणी विचारू नका

काउंटरवरचे दोन दिवस संपले की पाच-सहा जणांशी निवांत बोला. सगळे एकाच वयाचे नकोत. मी अभ्यासिकेतली दोन मुलं, एक गृहिणी, ते निवृत्त गृहस्थ, बालविभागात मुलीला घेऊन येणारी आई आणि स्वतः ग्रंथपाल यांच्याशी बोलले. ग्रंथपालांना विसरू नका. वेबसाइट रोज हाताळणार ते, आणि वाचकांचे प्रश्न वर्षानुवर्षं ऐकलेले असतात त्यांनीच.

"वेबसाइटवर काय हवं?" असं विचारू नका. त्यावर माणसं भिडेखातर काहीतरी सांगतात. घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा: "मागच्या वेळी पुस्तक हवं होतं तेव्हा काय केलंत? आधी फोन केलात की थेट आलात? नाही मिळालं तेव्हा?" बालविभागातल्या आईने सांगितलं, ती रिक्षा करून आली आणि दाराला कुलूप. साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते हे तिला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मंगळवार होता आणि कुठलीशी जयंती. या एका वाक्यावरून माझ्या मुखपृष्ठाची पहिली ओळ ठरली.

बोलताना फोन कुठला वापरतात तेही पाहा, विचारण्यापेक्षा पाहाच. काचेला तडा गेलाय का, अक्षरं मोठी करून ठेवली आहेत का, मराठी कीबोर्ड आहे की बोलून टाइप करतात. आवाज किंवा पडदा रेकॉर्ड करायचा असेल तर आधी परवानगी घ्या, आणि काम झालं की ते पुसून टाका.

कामांची यादी, पानांची नव्हे

आता वहीतले प्रश्न एकाखाली एक मांडा. शेजारी दोन खुणा करा: किती वेळा आला आणि अडलं तर माणसाचं नुकसान किती. "आज चालू आहे का" सतत येतो. अनामतीचा प्रश्न क्वचित येतो, पण ज्याला येतो त्याचे पैसे अडकलेले असतात. दोन्ही महत्त्वाचे, पण त्यांची जागा वेगळी. पहिला मुखपृष्ठावर माथ्यावर हवा, दुसरा शोधल्यावर हमखास सापडायला हवा.

आमची यादी सहा कामांवर आली: आज उघडं आहे का आणि वेळ काय, अमुक पुस्तक आहे का आणि ते आत्ता कपाटात आहे का, सभासद कसं व्हायचं, अभ्यासिकेचं शुल्क आणि जागा, दिवाळी अंक योजना, सभासदत्व सोडून अनामत परत घेणं. दिवाळी अंक योजना वर्षातले काही महिनेच जिवंत असते, म्हणून ती मुखपृष्ठावर दसऱ्याच्या सुमारास वर येते आणि नंतर खाली जाते.

मंडळाला ही यादी दाखवताना मी वहीच समोर ठेवली. इतिहास आणि छायाचित्रं गाळली नाहीत. ती "वाचनालयाविषयी" या एका पानात आली आणि नीट आली. सरकता फोटोपट्टा मात्र गेला. त्यावर चर्चा झाली, पण वहीतला प्रत्येक प्रश्न कोणा सभासदाचा होता आणि मंडळातले लोक त्यांना नावाने ओळखत होते. अशा वेळी तुमच्या मताला फारसं वजन नसतं, वहीतल्या ओळीला असतं.

शब्द वाचकांचे घ्या

मेनूतले शब्द ठरवायला पत्ते लावण्याचा प्रयोग करा. दमडीचा खर्च नाही. वाचनालयात जुन्या तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची, पाच बाय तीन इंची कार्डं पडून होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी एकेक बाब लिहिली: वर्गणी, अनामत, विलंब शुल्क, अभ्यासिका, नवीन पुस्तकं, बालविभाग, असं पंचवीस-तीस. मग वाचकांना टेबलावर मांडून म्हटलं, "जे एकत्र असावं असं वाटतं त्याचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्याला तुमच्या शब्दात नाव द्या." आणि गप्प बसले.

"देवघेव" हा शब्द आम्हा वाचनालयाच्या लोकांना इतका अंगवळणी पडलेला, पण अभ्यासिकेतल्या मुलांनी ते कार्ड हातात धरून ठेवलं, कुठे ठेवायचं कळेना. एकाने विचारलं, "म्हणजे पुस्तक घरी न्यायचं ना?" मेनूत तेच नाव लागलं: "पुस्तक घरी नेण्यासाठी". "अभ्यासिका" मात्र सगळ्यांनी वेगळी काढली, कारण तिथे येणाऱ्या बहुतेकांना पुस्तकं घरी न्यायचीच नसतात. आमच्या आराखड्यात ती "सेवा" या नावाखाली चौथी होती. ती थेट वर आली.

मजकूर आधी, रंगरूप नंतर

आराखडा करणारे पुष्कळदा मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं भरून डिझाइन करतात आणि खरा मजकूर शेवटच्या आठवड्यात संस्थेकडून मागतात. मग तो येतो नियमावलीतून. अनामतीचा मूळ मजकूर असा होता:

"सभासदत्व रद्द करू इच्छिणाऱ्या सभासदांनी विहित नमुन्यात अर्ज सादर करून मूळ पावती जोडावी. अनामत रक्कम नियमानुसार परत करण्यात येईल."

बदली झालेल्या त्या बाईंना यातून काय कळलं असतं? आम्ही लिहिलं:

"वाचनालय सोडताना घरी असलेली पुस्तकं आधी परत करा. काउंटरवर एक पानी अर्ज मिळतो. तो भरून अनामतीची पावती सोबत द्या. पावती हरवली असेल तर सभासद क्रमांक सांगा, नोंदवहीतून खात्री करून घेता येते. पैसे पंधरा दिवसांच्या आत मिळतात."

हे पाच वाक्यांचं काम वाटतं, पण त्याला दोन बैठका लागल्या. कारण "नियमानुसार" म्हणजे किती दिवस, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पावती हरवली तर काय, हेही नव्हतं. मंडळाने ठराव करून दोन्ही गोष्टी ठरवल्या. सोपं लिहायला बसलं की संस्थेच्या कारभारातली पोकळ जागा अशी उघडी पडते. तिथे थांबा आणि ती भरून घ्या. नुसतं गुळगुळीत वाक्य लिहून पुढे जाऊ नका.

कागदावर पडदे

मग कागद आणि पेन्सिल. फोनच्या आकाराचे तुकडे कापा आणि एकेका तुकड्यावर एकेक पान काढा. मोठ्या पडद्याचा विचार नंतर. आमचे बहुतेक वाचक फोनवरूनच येणार हे बोलण्यातच कळलं होतं. मुखपृष्ठाच्या तुकड्यावर माथ्यावर "आज उघडं आहे, रात्री ८ पर्यंत", खाली शोधाची चौकट, खाली चार बटणं. इतकंच. कागद वाचकासमोर ठेवा, तो बोट ठेवेल त्या बटणाचा पुढचा तुकडा तुम्ही हाताने सरकवा. कागदावर माणसं मोकळेपणाने चुका दाखवतात. तयार, रंगवलेलं पान समोर आलं की "छान आहे" म्हणतात. संगणकावर पडदे आखायचं फिग्मासारखं साधन शिकायचं असेल तर जरूर शिका, पण या टप्प्यानंतर.

मराठीत शोध: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

पुस्तकांचा शोध हा अशा वेबसाइटचा जीव आहे, आणि मराठीत तो हमखास फसतो. तालिकेसाठी स्वतः प्रोग्रॅम लिहायच्या भानगडीत पडू नका. कोहा नावाची ग्रंथालयांसाठीची मुक्त (कोणालाही विनामूल्य वापरता, बदलता येणारी) प्रणाली न्यूझीलंडमध्ये जन्मली, तिथल्या एका ग्रंथालयात जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि आज भारतातही वापरात आहे. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आहे. प्रणाली कुठलीही घ्या, खालच्या गोष्टी मात्र तुम्हालाच तपासाव्या लागतील.

पहिली गोष्ट, जुन्या नोंदी. वाचनालयांच्या संगणकांवर कित्येक वर्षांच्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटपद्धतींत टाइप केलेल्या असतात. फाँट बसवलेल्या संगणकावर ते मराठी दिसतं, पण आतले संकेत युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखेच कळणाऱ्या अक्षरसंकेतांचे, नसतात. अशी यादी जशीच्या तशी चढवली तर शोधात काहीच सापडणार नाही. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि रूपांतरानंतर दाखल क्रमांक (पुस्तकाचा नोंदवहीतला क्रमांक) समोर ठेवून निदान दोनेकशे नोंदी डोळ्यांनी वाचा. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे गडबड होते.

दुसरी गोष्ट फसवी आहे. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि "अ" पुढे "ॅ" जोडूनही ते लिहिता येतं. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. संगणकाला मात्र ती वेगळी, आणि नेहमीचं युनिकोड सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एक करणं) केलं तरी ती एक होत नाहीत. त्यामुळे "अॅटलास" एका पद्धतीने नोंदवला आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने टाइप केला, तर पुस्तक कपाटात असूनही "सापडलं नाही" असं उत्तर येतं. ही जोडी नियम लिहून एक करून घ्यावी लागते. "ऱ" चं तसं नाही. तो एका अक्षराने लिहिला काय किंवा "र" खाली नुक्ता देऊन लिहिला काय, सामान्यीकरणात दोन्ही एक होतात, फक्त ते सामान्यीकरण चालू आहे ना हे पाहावं लागतं.

तिसरी गोष्ट माणसांच्या सवयींची. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अनुस्वार राहतो, "स्त्री" चं "स्री" होतं. लेखकाची आद्याक्षरं कोणी टिंब देऊन लिहितं, कोणी न देता, कोणी मधे जागा सोडून. सभासद क्रमांक कोणी १२३ असा मराठी अंकांत टाकतं, कोणी इंग्रजी अंकांत. आणि कितीतरी जण मराठी नाव रोमन लिपीत टाइप करतात. हे सगळं चालायला हवं. वाचकाच्या शुद्धलेखनाची परीक्षा घेणं हे शोधाच्या चौकटीचं काम नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. वेबसाइटसाठी मला त्याहून नेमकी कसोटी माहीत नाही.

बांधणी

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवा. काही फाँट त्यावरून "ल" आणि "श" ची मराठी वळणं दाखवतात, आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कुठल्या आवाजात वाचायचं ते कळतं. फाँटसाठी मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचा "मुक्त" (Mukta) नावाचा फाँट किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही विनामूल्य आहेत. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवा, अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमधलं अंतर मात्र कधीही वाढवू नका, शिरोरेखा तुटते.

सूचना फोटो म्हणून टाकू नका. सुट्टीची सूचना शिक्क्यासह स्कॅन करून चढवली की ती शोधात येत नाही, अंध वाचकाला ऐकू येत नाही आणि फोनवर बोटांनी ताणत वाचावी लागते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकाप्रमाणे, साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हवा. करड्यावर फिकट करडं लिहिलेलं माझ्या तरुण डोळ्यांना दिसतं, निवृत्त गृहस्थांना दिसत नाही. त्याच मानकाच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे. मी त्याच्या जवळजवळ दुप्पट ठेवते.

सभासद अर्जात जे खरोखर लागतं तेवढंच विचारा. आमच्या छापील अर्जात जन्मतारीख, व्यवसाय, शिक्षण होतं. त्याचं पुढे काय होतं विचारलं तर काहीच नाही. ऑनलाइन अर्जातून ते गेलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आहे, आणि जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावी लागत नाही.

पाच जणांना बसवा

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला सल्ला अजून उपयोगी पडतो: एका फेरीत पाच माणसं पुरेत, आणि पंधरा जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन घ्याव्यात, मधे दुरुस्त्या करत.

काम सांगताना बटणाचं नाव तोंडातून जाऊ देऊ नका. "सभासदत्व या पानावर जा" ही चाचणी नाही. मी म्हटलं, "काकू, समजा तुमची बदली झाली आहे. अनामत परत मिळवायला काय करावं लागेल ते या फोनवर शोधून बघाल? मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. परीक्षा पानाची आहे, तुमची नाही." काकूंनी "सभासद व्हा" या बटणावर अंगठा नेला, थांबल्या, मागे घेतला. म्हणाल्या, "मी तर सभासद आहेच, मग इथे कशाला जाऊ?" खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली. मला सांगावंसं वाटत होतं, पण हात मांडीवर ठेवून बसले. ते पाच वाक्यांचं सोपं उत्तर त्याच "सभासद व्हा" पानाच्या तळाशी होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मला नीट येत नाही हो हे."

असं कोणी म्हटलं की समजावं, चूक आपली आहे, आणि ती त्यांना स्पष्ट सांगावी. त्याच संध्याकाळी "सभासदत्व सोडताना" असं वेगळं पान झालं. पुढच्या फेरीत दुसऱ्या बाई थेट तिथे पोचल्या.

एक चाचणी अँड्रॉइडमधलं टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) सुरू करून, पडद्याकडे न बघता स्वतः घ्या. तेवढ्यात कितीतरी बिननावाची बटणं सापडतील. जमलं तर टॉकबॅक रोज वापरणाऱ्या वाचकाला बोलवा, त्याच्या चाचणीला पर्याय नाही.

सुरू केल्यानंतर

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, संस्थेच्या नावावर घ्या, बनवणाऱ्याच्या नव्हे. नूतनीकरणाची तारीख, पासवर्ड कुणाकडे, सर्व्हर कुठे, हे एका कागदावर लिहून दप्तरी ठेवा. संस्थेची वेबसाइट कारागिराच्या फोन नंबरावर अवलंबून राहू नये. "आज बंद आहे" ही सूचना ग्रंथपालांना स्वतःच्या फोनवरून एका मिनिटात लावता आली पाहिजे. हस्तांतराच्या दिवशी ती त्यांच्याकडून तीनदा लावून घ्या, तुम्ही हात न लावता.

आणि शोधाच्या चौकटीत टाकलेल्या, पण काहीही न सापडलेल्या शब्दांची यादी महिन्याला छापून घ्या, कोणी शोधलं ते न नोंदवता. आमच्याकडे ती ग्रंथनिवड समितीच्या बैठकीत ठेवतात. पहिल्याच यादीत "शिवणकाम" हा शब्द तीनदा होता. पुस्तकं होती, तिसऱ्या कपाटात, पण नोंद "गृहविज्ञान" या विषयाखाली. ग्रंथपालांनी बैठक संपायच्या आत नोंदीत "शिवणकाम" टाइप केलं आणि फोनवर शोधून पाहिलं. चार पुस्तकं आली.